यकृत-प्रत्यारोपणानंतरचा पित्तनलिका-संकोच : उपचारांचा आढावा

यकृताचे प्रत्यारोपण करताना शल्यविशारद जे मुख्य सांधे जोडतो, त्यांपैकी शिरांचे आणि धमनीचे सांधे आधी पुरे होतात, नव्या यकृतात रक्त खेळू लागते, त्याचा फिकट वर्ण पालटून तांबूस होतो, आणि मग, कित्येक तासांच्या श्रमानंतर, सर्वांत शेवटी पित्तनलिकेचा सांधा हाती घेतला जातो. हा सांधा मापाने अगदी क्षुल्लक. प्रौढ माणसाची मुख्य पित्तनलिका सुमारे सहा मिलिमीटर रुंद असते, आणि जिवंत दात्याच्या यकृताचा तुकडा बसवायचा असेल तर त्याची नलिका कित्येकदा तीन-चार मिलिमीटरांचीच निघते. तरीही शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्याचा दाखला मिळून रुग्ण घरी गेल्यानंतर, त्याला पुन्हा पुन्हा इस्पितळाची पायरी चढायला लावणाऱ्या कारणांत या चिमुकल्या सांध्याचे स्थान फार वरचे आहे. मृत दात्याचे संपूर्ण यकृत बसविलेल्या रुग्णांपैकी शेकडा ५ ते १५ जणांना, आणि जिवंत दात्याच्या यकृतखंडावर जगणाऱ्यांपैकी शेकडा २० ते ३० जणांना, कधी ना कधी नलिका आक्रसण्याच्या या विकाराला तोंड द्यावे लागते. भारतातील बहुसंख्य यकृत-प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या, म्हणजे बहुतांशी पत्नी, भाऊ, मुलगा अशा निकटच्या आप्तांच्या औदार्यावर चालत असल्यामुळे, हा प्रश्न पाश्चात्य देशांपेक्षा आपल्याकडे अधिक तीव्रतेने उपस्थित होतो हे उघड आहे.

या विकारावरील उपचारांची जी वाटचाल गेल्या अर्धशतकात झाली तिचा विचार करताना माझे एक मत उत्तरोत्तर दृढ होत गेले. नलिकेचा संकोच हा मुळात रक्तपुरवठ्याचा प्रश्न आहे आणि त्याचा उपचार हा मुख्यतः मुदतीचा प्रश्न आहे. नलिका उघडी ठेवण्यासाठी आत बसवायची नळी, म्हणजे स्टेंट, कोणती चांगली, प्लास्टिकची की धातूची, हा वाद वैद्यकीय परिषदांत कितीही रंगत असला, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो दुय्यम ठरतो. पुढील विवेचनात या मताची कारणे ओघाने येतील.

डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झ्ल यांनी १ मार्च १९६३ रोजी मनुष्यावर पहिले यकृत-प्रत्यारोपण केले, तेव्हा रक्तस्रावाने त्या बालरुग्णाचा शस्त्रक्रियेतच अंत झाला आणि पित्तनलिकेची चिंता करण्याची पाळीच आली नाही. १९६७ मध्ये स्टार्झ्ल यांचे रुग्ण वर्षभर आणि त्याहून अधिक जगू लागले, १९६८ मध्ये केंब्रिज येथे रॉय कॅल्न यांनी आपला उपक्रम आरंभिला, आणि मग मात्र दोन्ही ठिकाणच्या मंडळींना एकच अनुभव येऊ लागला, तो असा की रक्तवाहिन्यांचे सांधे नीट टिकत, औषधांच्या अंमलाखाली शरीर परके यकृत सहन करी, आणि इतके सारे साधल्यावर पित्ताचा सांधा गळू लागे, कुजे वा आक्रसे. उपाय म्हणून कोणी पित्ताशयच आतड्याला जोडून पाहिले, तर कॅल्न यांनी दात्याच्या पित्ताशयाचा दोन नलिकांमधील दुवा म्हणून उपयोग करण्याची एक कल्पक तजवीज केली. परंतु पित्ताशयाच्या अरुंद मानेतून पित्ताचा निचरा नीट होईना, तिथे गाळ साचे, आणि जंतूंना आयतेच घर मिळे. अखेर दोनच पद्धती टिकल्या. एक म्हणजे दात्याच्या आणि ग्राहीच्या नलिकांची तोंडे समोरासमोर आणून केलेला सरळ जोड, आणि दुसरी म्हणजे लोझानचे शल्यविशारद सेझार रू यांच्या नावाने ओळखली जाणारी, लहान आतड्याचा एक फाटा वर आणून त्यात नलिका उघडण्याची पद्धत. जिथे ग्राहीची स्वतःची नलिकाच रोगट असते, किंवा जन्मतः नसते, तिथे ही दुसरी पद्धत अपरिहार्य होते.

सांध्यामध्ये काही काळ रबराची ‘टी’ आकाराची नळी ठेवावी की नाही, हा त्या काळचा दुसरा वाद. नळी ठेवल्याने सांधा उघडा राहतो आणि बाहेरून क्ष-किरणचित्र काढता येते हा तिच्या समर्थकांचा मुद्दा होता, आणि नळी काढतेवेळी पित्त पोटात झिरपते हा विरोधकांचा. फ्रान्समधील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत नळी ठेवलेल्या गटातच उपद्रव अधिक आढळले, तेव्हापासून नेमाने नळी ठेवण्याची चाल बहुतेक ठिकाणी मागे पडली. वाद पूर्णतः मिटला असे मात्र नाही, कारण फार बारीक नलिकांच्या बाबतीत काही अनुभवी हात आजही आधाराची नळी पसंत करतात.

आता मूळ कारणाकडे वळू. यकृताच्या पेशींना रक्ताचे दोन मार्ग आहेत, आतड्याकडून येणारी पोर्टल शिरा आणि हृदयाकडून येणारी यकृत-धमनी, त्यामुळे एक मार्ग काही काळ बंद झाला तरी पेशी तग धरतात. पित्तनलिकेला मात्र धमनीखेरीज दुसरा आधार नाही. ही गोष्ट स्थूलमानाने ठाऊक होती, पण तिचा तपशील नॉर्थओव्हर आणि टर्ब्लांश या दोघा संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. नलिकेच्या दोन्ही कडांनी दोन सूक्ष्म धमन्या धावतात आणि त्यांतील सुमारे साठ टक्के रक्त खालून, आतड्याजवळच्या धमन्यांतून वर चढते, तर जेमतेम अडतीस टक्के रक्त वरून, उजव्या यकृत-धमनीकडून खाली उतरते, असे त्यांनी दाखवून दिले. दात्याचे यकृत शरीराबाहेर काढले की खालून येणारा हा मोठा ओघ कायमचा तुटतो. मग दात्याच्या नलिकेचे टोक, कालव्याच्या अखेरीस असलेल्या शेतासारखे, वरून जे काही पोहोचेल त्यावर जगते, आणि वरचा प्रवाह थोडा जरी मंदावला तरी पहिली झळ त्यालाच बसते. म्हणूनच चांगला शल्यविशारद दात्याची नलिका शक्य तितकी आखूड ठेवतो, तिच्याभोवतीचे मऊ ऊतक खरवडून ‘स्वच्छ’ करण्याच्या मोहाला बळी पडत नाही, आणि कापलेल्या कडेतून ताजे रक्त पाझरताना दिसल्यावाचून टाका घालीत नाही. टाक्याचा दोरा किती बारीक, टाके सुटे की सलग, यांवर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. पण निर्जीव कडांना सोन्याच्या तारेने शिवले तरी त्या सांधणार नाहीत.

जिवंत दात्याच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. प्रौढासाठी बहुधा यकृताचा उजवा खंड घेतात, आणि उजव्या खंडाच्या नलिकांची रचना माणसागणिक बदलते. काहींत एकच तोंड मिळते, पुष्कळांत दोन, क्वचित तीन. दात्याच्या सुरक्षिततेला प्रथम मान द्यायचा, हा या शस्त्रक्रियेचा अनुल्लंघनीय दंडक असल्यामुळे, दात्याची उरलेली नलिका आकुंचित होणार नाही इतके अंतर राखूनच छेद घ्यावा लागतो, आणि त्याचा भुर्दंड ग्राहीच्या वाट्याला दोन बारीक, परस्परांपासून दूर असलेल्या तोंडांच्या रूपाने येतो. शिवाय हा अर्धा खंड पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढतो, वाढताना किंचित वळतो, आणि सरळ जोडलेल्या नलिकेला बगळ्याच्या मानेसारखा बाक येतो. या बाकातून तार पुढे सरकवणे हे दुर्बिणीने उपचार करणाऱ्या वैद्याच्या कौशल्याची कसोटी पाहणारे काम आहे.

संकोचाचे दोन प्रकार मानतात, आणि हा भेद केवळ वर्गीकरणाच्या हौसेपोटी केलेला नाही, कारण रुग्णाचे सारे भवितव्य त्यावर अवलंबून असते. पहिला प्रकार सांध्याच्या जागीच होणारा. तो एकटा असतो, आखूड असतो, बहुधा पहिल्या वर्षात प्रकट होतो, आणि सांध्यातून आधी पित्त गळले असेल तर त्याची शक्यता बळावते. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत दिसणारी अरुंदी पुष्कळदा नुसत्या सुजेची असते आणि थोड्या उपचारांनी ओसरते. दुसरा प्रकार सांध्यापासून दूर, यकृताच्या मुखाशी किंवा आतल्या शाखांत, अनेक ठिकाणी एकाच वेळी होणारा. त्याच्यामागे यकृत-धमनीत गुठळी होणे, यकृत बर्फात फार वेळ राहणे, न जुळणाऱ्या रक्तगटाचा दाता, हृदय थांबल्यावर घेतलेले यकृत, किंवा ज्या रोगामुळे प्रत्यारोपण करावे लागले त्याच रोगाची पुनरावृत्ती, यांपैकी काही ना काही असते. यकृत शीत अवस्थेत साठविण्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी सिद्ध केलेले द्रावण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात उपलब्ध झाले तेव्हा शल्यविशारदांना वेळेची मोठी सवलत मिळाली. पण यकृताच्या पेशींना मिळालेली ही सवलत नलिकेच्या अस्तराला तितकीशी लागू पडत नाही, हेही पुढे ध्यानात आले. अस्तर झडल्यावर ते पुन्हा उगवण्याची क्षमता नलिकेच्या भिंतीतल्या खोल ग्रंथींत असते आणि त्या ग्रंथीच जळून गेल्या असतील तर नव्या अस्तराऐवजी व्रण तयार होतो, असा अलीकडच्या संशोधनाचा रोख आहे.

निदानाची वाट फसवी आहे. सामान्य माणसाला पित्तमार्ग तुंबल्यावर पोटात कळ येते. प्रत्यारोपित यकृताचे मज्जातंतू तुटलेले असल्याने ही कळ बहुधा येत नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे तापही कधी कधी मनमोकळेपणाने चढत नाही. अंगाला खाज सुटणे, लघवी गडद होणे, मल फिका होणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे उशिरा येतात; त्याआधी नेमाच्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी या दोन विकरांचे आकडे गुपचूप चढू लागतात. नेमाची रक्ततपासणी ही कंटाळवाणी औपचारिकता आहे असे समजून तिला फाटा देणाऱ्या रुग्णाने एवढे ध्यानात ठेवावे, की पहिली वर्दी तेथूनच मिळते. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसली तर काम सोपे होते, पण प्रत्यारोपित यकृतातील नलिका अडथळा असूनही कित्येकदा फुगत नाही, म्हणून सोनोग्राफीच्या निर्वाळ्यावर निश्चिंत राहता येत नाही. धमनीतला प्रवाह डॉप्लरने पाहिल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये, कारण धमनी बंद असेल तर नलिकेवरील सारी कारागिरी व्यर्थ होय. पित्तमार्गाचे चित्र एमआरसीपी या चुंबकीय तपासणीत, शरीरात काहीही न घालता, उत्तम मिळते. आणि शरीराने यकृत नाकारण्याची प्रक्रिया चालू आहे की खरोखरच नलिका आक्रसली आहे, असा संदेह उरल्यास यकृताचा सूक्ष्म तुकडा काढून पाहावा लागतो. दोहोंचे उपचार परस्परांपासून इतके भिन्न आहेत की ही खातरजमा टाळणे परवडणारे नाही.

उपचाराचे मुख्य साधन आज ईआरसीपी हे आहे. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत नेऊन पित्तमार्गाच्या मुखात रंगद्रव्य सोडण्याची ही क्रिया १९६८ मध्ये मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रथम करून दाखविली आणि जपानी वैद्यांनी लवकरच तिला परिपक्व रूप दिले. १९७४ मध्ये क्योटो येथे कावाई यांनी आणि अर्लांगेन येथे क्लासेन व डेमलिंग यांनी पित्तमार्गाचे मुख विजेच्या तारेने छेदण्याची कला साधली, आणि तिथून निदानाचे हे यंत्र उपचाराचे यंत्र झाले. हॅम्बुर्गच्या सोहेन्द्रा यांनी याच दशकाच्या अखेरीस दुर्बिणीतून प्लास्टिकची नळी पित्तमार्गात बसवून दाखविली. प्रत्यारोपणानंतरच्या संकोचावर पोट उघडून पुन्हा शस्त्रक्रिया करणे हाच जो एक काळ राजमार्ग होता, तो या तीन पायऱ्यांमुळे आडमार्ग बनला.

क्रियेचे स्वरूप थोडक्यात असे. संकोचातून एक बारीक तार पार करतात, तिच्यावरून फुगा नेऊन अरुंद जागा ताणतात, आणि ती पुन्हा आक्रसू नये म्हणून तिथे स्टेंट ठेवतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत फुगा फार जोराने फुगवीत नाहीत, कारण सांधा उसवण्याची धास्ती असते. नुसत्या फुग्याने काम भागेल या आशेवर विसंबणाऱ्यांना पुष्कळदा निराशा पदरी आली. ताणलेला व्रण सुटला की पूर्वपदावर येतो. म्हणून रोमचे कोस्टामान्या यांनी शस्त्रक्रियोत्तर संकोचांसाठी रूढ केलेली पद्धत प्रत्यारोपणातही स्वीकारली गेली. दर तीन महिन्यांनी जुने स्टेंट काढायचे आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा एक-दोन अधिक स्टेंट शेजारी शेजारी बसवायचे, असा क्रम सुमारे वर्षभर चालवावा लागतो. तीन महिन्यांची मुदत मनमानी नाही. साधारण दहा फ्रेंच मापाची प्लास्टिकची नळी म्हणजे सुमारे ३.३ मिलिमीटर रुंद. तिच्या आतल्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर जमतो, त्यात पित्तातला गाळ अडकतो, आणि तीन-चार महिन्यांत ती तुंबते. वर्षभर हा क्रम इमानाने पाळला तर मृत दात्याच्या यकृतातील सांध्याच्या संकोचापैकी शेकडा ८० ते ९० संकोच सुटतात. जिवंत दात्याच्या बाबतीत हे प्रमाण पुष्कळ खाली येते, कारण बारीक आणि वाकड्या नलिकेत अनेक स्टेंट मावतच नाहीत. स्टेंटचे खालचे टोक आतड्यात न सोडता संपूर्ण नळी पित्तमार्गाच्या आतच ठेवण्याची युक्ती जपानमधील काही केंद्रांनी अवलंबिली, आणि आतड्यातले जंतू वर चढण्यास त्यामुळे प्रतिबंध होतो असा त्यांचा अनुभव आहे.

धातूच्या जाळीचा, वरून आवरण घातलेला, आपोआप उघडणारा स्टेंट हा या वादातला दुसरा पक्ष. तो दहा मिलिमीटर रुंद उघडतो, म्हणजे तीन प्लास्टिक नळ्यांची रुंदी एकटा व्यापतो, आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ तुंबत नाही. अमेरिकेतील आठ केंद्रांनी मिळून केलेली आणि २०१६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली चाचणी या बाबतीत सर्वांत वजनदार मानावी लागते. तिच्यातल्या ११२ रुग्णांपैकी ७३ जण यकृत-प्रत्यारोपणानंतरचे होते. वर्षभराच्या आत संकोच सुटण्याचे प्रमाण धातूच्या स्टेंटने शेकडा ९२.६ आणि अनेक प्लास्टिक स्टेंटांनी शेकडा ८५.४ आले, म्हणजे धातूचा स्टेंट कमी प्रतीचा नाही एवढे सिद्ध झाले, आणि दुर्बिणीच्या सरासरी फेऱ्या ३.२४ वरून २.१४ वर उतरल्या. या चाचणीचा दाखला देताना एक अट मात्र विसरली जाते. ज्यांच्या नलिकेची रुंदी धातूच्या स्टेंटला पुरेशी होती अशाच रुग्णांना तीत घेतलेले होते. दहा मिलिमीटरचा स्टेंट चार मिलिमीटरच्या, दुभागलेल्या, यकृताच्या मुखाजवळच्या नलिकेत बसविला तर तो शेजारच्या शाखेचे तोंडच बंद करण्याचा संभव असतो. तसेच हा स्टेंट आपल्या जागेवरून घसरतो, आणि काढल्यावर संकोच परत येण्याचे प्रमाण काही अभ्यासांत अधिक आढळले आहे. तेव्हा मृत दात्याच्या यकृतातील, यकृताच्या मुखापासून दूर असलेल्या, आखूड संकोचाला धातूचा स्टेंट आणि जिवंत दात्याच्या गुंतागुंतीच्या नलिकेला प्लास्टिकचे स्टेंट, हा आजचा व्यवहारी तोडगा मला योग्य वाटतो. अलीकडे बारीक, मध्ये कमरेसारखे निमुळते धातूचे स्टेंट निघाले आहेत, त्यांनी ही सीमारेषा पुढेमागे पुसट होईल.

तार संकोचापार जातच नाही असेही पुष्कळदा घडते. अशा वेळी दुसरा मार्ग कातडीतून, बरगड्यांच्या मधून, यकृतातल्या फुगलेल्या शाखेत सुई घालून वरून खाली उतरण्याचा. क्ष-किरणांच्या आधाराने काम करणारे रेडिओलॉजीतले तज्ज्ञ हे करतात, बाहेर पिशवीत पित्त निथळणारी नळी ठेवतात, आणि ती टप्प्याटप्प्याने जाड करीत काही महिन्यांत मार्ग रुंदावतात. ही पिशवी कमरेला बांधून हिंडणे रुग्णाला किती जाचक होते हे सांगावयास नको. दोन वैद्यांनी वरून आणि खालून एकाच वेळी काम करून तार मध्ये गाठायची, ही संयुक्त पद्धतही चांगली रुळली आहे. जिथे नलिकेची दोन्ही टोके पूर्णपणे बंद होऊन मध्ये व्रणाची भिंतच उभी असते, तिथे एका बाजूला तोंडावाटे आणि दुसऱ्या बाजूला कातडीतून एकेक चुंबक पोहोचवायचे, त्यांच्या परस्पर आकर्षणाने मधली भिंत दाबून मरू द्यायची आणि नवी वाट आपोआप पडू द्यायची, ही जपानी कल्पना कोरियातील केंद्रांनी जिवंत दात्यांच्या रुग्णांवर मोठ्या चिकाटीने वापरली आहे. वैद्यकातल्या इतक्या साध्या आणि इतक्या सुंदर युक्त्या थोड्याच असतील.

आतड्याच्या फाट्यावर नलिका उघडलेली असेल तर नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही. जपानच्या यामामोतो यांनी २००१ च्या सुमारास प्रचारात आणलेली दोन फुग्यांची लांब दुर्बीण या कामी येते. ती आतडे आपल्यावर चुणीसारखे ओढून घेत पुढे सरकते. अनुभवी हाती तिला बरेच यश येते, पण वेळ फार लागतो, आणि म्हणून पुष्कळ ठिकाणी कातडीतल्या मार्गालाच प्रथम पसंती मिळते. हे सर्व उपाय थकले तर सरळ जोड मोडून आतड्याशी नवा जोड करण्याची शस्त्रक्रिया उरते. ती कठीण असली तरी योग्य वेळी केली तर तिचे फळ टिकाऊ असते. चार-सहा वेळा दुर्बीण घालूनही सांधा सुटत नसताना केवळ शस्त्रक्रिया टाळल्याचे समाधान मिळविण्यासाठी आणखी फेऱ्या करीत राहणे हे मला वैद्यकीय सावधगिरीपेक्षा निर्णय लांबणीवर टाकण्याचे लक्षण वाटते. दरम्यान तुंबलेल्या यकृतात कायमचा कठीणपणा येत असतो.

सांध्यापासून दूरच्या, अनेक जागी पसरलेल्या संकोचांविषयी मात्र इतक्या आशेने लिहिता येत नाही. आतल्या शाखांत झडलेल्या अस्तराचे आणि पित्ताच्या गाळाचे ठसे जमतात, ते दुर्बिणीने ओढून काढावे लागतात, फुगा आणि स्टेंट यांचा क्रम वर्षानुवर्षे चालतो, आणि तरीही निम्म्या-अधिक रुग्णांत अपेक्षित निकाल मिळत नाही. काही जणांना शेवटी दुसरे प्रत्यारोपण करावे लागते. जिथे पहिले यकृत आप्ताने दिले होते तिथे दुसरे कोठून आणायचे हा प्रश्न कुटुंबापुढे ज्या स्वरूपात उभा राहतो त्याचे वर्णन आकड्यांनी होत नाही. म्हणून या प्रकारात प्रतिबंधाला सर्वाधिक मोल आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत, हृदय थांबल्यावर घेतलेल्या यकृतातून रोपणापूर्वी थंड, प्राणवायुयुक्त द्रव यंत्राने फिरविला असता, सहा महिन्यांत अशा संकोचाचे प्रमाण शेकडा १८ वरून ६ वर आले. नलिकेच्या अस्तराला जगविण्याचा असा प्रत्यक्ष पुरावा याआधी क्वचितच मिळाला होता. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला मान्यता दिली आणि मृत दात्यांचे कार्य मुख्यतः त्याच आधारावर चालते, त्यामुळे या चाचणीचा लाभ आपल्याला सरसकट होईल असे नाही. तरी दूरच्या जिल्ह्यातून यकृत आणताना जाणारे तास लक्षात घेता हे यंत्र महाराष्ट्रातल्या मोठ्या केंद्रांना पाहुणे वाटू नये.

औषधांचा वाटा गौण आहे. पित्त पातळ करणारे उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल सर्रास दिले जाते; ते खाज आणि गाळ यांना थोडा आवर घालते, व्रण सोडवीत नाही. प्रत्येक ईआरसीपीच्या आधी प्रतिजैविक देणे मात्र अगत्याचे, कारण प्रतिकारशक्ती दबलेल्या देहात तुंबलेले पित्त एकदा दूषित झाले की जंतू रक्तात पोहोचण्यास अवधी लागत नाही. स्वादुपिंडाला सूज येणे हा या क्रियेचा सर्वांत परिचित उपद्रव, आणि वर्षभरात चार वेळा दुर्बीण घालायची म्हणजे तो धोका चार वेळा पत्करायचा, हेही हिशेबात धरले पाहिजे. टॅक्रोलिमस हे यकृत नाकारले जाऊ नये म्हणून द्यायचे औषध पित्तावाटेच बाहेर पडते, तेव्हा नलिका तुंबली की रक्तातले त्याचे प्रमाण वाढू शकते. मूत्रपिंडावर होणारा त्याचा परिणाम पाहता, संकोचाच्या काळात ते वारंवार मोजावे लागते.

आता मुदतीचा मुद्दा. १९९८ मध्ये दिल्लीत यकृत-प्रत्यारोपणाला यश येऊ लागल्यानंतर मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ही शस्त्रक्रिया रुजली, पण रुग्ण केवळ या शहरांतले नाहीत. ते जळगाव, लातूर, चंद्रपूर, सिंधुदुर्ग येथूनही येतात, आणि शस्त्रक्रियेचा खर्च भागविण्यासाठी पुष्कळांनी शेत किंवा दागिना गहाण टाकलेला असतो. अशा माणसाला वर्षभरात चार वेळा, दर खेपेस प्रवास, मुक्काम, भूल आणि स्टेंट यांचा खर्च सोसून परत यायला सांगणे सोपे आहे, त्याचे पालन कठीण आहे. कावीळ उतरली, खाज थांबली, अन्न गोड लागू लागले की पुढची तारीख सुगीवर किंवा लग्नसराईवर ढकलली जाते, आणि तीन महिन्यांचा स्टेंट नऊ महिने आत राहतो. त्यानंतर थंडी वाजून ताप येतो, नळीभोवती खडे जमलेले निघतात, आणि जो संकोच वर्षभरात सुटला असता तो कायमचा होऊन बसतो. दोन स्टेंटांतली निवड करताना वैद्याने नलिकेच्या मापाबरोबर रुग्णाच्या गावाचे अंतरही विचारात घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे यासाठीच आहे. लांबून येणाऱ्या आणि नलिकेची रुंदी अनुकूल असलेल्या रुग्णाला फेऱ्या वाचविणारा धातूचा स्टेंट महाग असूनही अखेर स्वस्त पडतो. अर्थात तोही काढावाच लागतो. आवरणाचा स्टेंट वेळेवर काढला नाही तर त्याच्या टोकांशी नवे व्रण वाढतात आणि काढणे अवघड होऊन बसते.

यकृत-प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक केंद्राने स्टेंट बसविलेल्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी, मुदत भरण्याच्या आधी त्यांना फोन करून बोलावणारा एक जबाबदार माणूस नेमावा, आणि रुग्णाला घरी पाठविताना दिल्या जाणाऱ्या कागदावर स्टेंट कोणत्या प्रकारचा आहे व तो कोणत्या तारखेच्या आत काढायचा आहे हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावे. याला नवे यंत्र लागत नाही, परवाना लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. ज्या घरात असा रुग्ण असेल त्या घरच्या वाचकाने तो कागद आज काढून पाहावा, आणि तारीख लिहिलेली नसेल तर उद्याच इस्पितळात विचारून ती लिहून घ्यावी.